एका हवेलीतून फुटलेल्या वाटा
'गर्म हवा'च्या कलाकारांची गोष्ट

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घरांत एकच शब्द ऐकू येतो : करिअर. मामू विचारतात, खाला विचारतात, शेजारचे चाचाही विचारतात, "मग, पुढे काय ठरवलेय?" मुलगा मान खाली घालून काहीतरी पुटपुटतो. आणि कितीतरी घरांत त्याच वेळी कोपऱ्यातून आणखी एक वाक्य येते, "शिकून करणार काय? आपल्या पोरांना नोकरी देतो कोण?" हे वाक्य निराशेतून येते आणि अनुभवातूनही येते, म्हणून ते एकदम खोडून काढता येत नाही. पण आम्ही शिक्षक मंडळी दररोज पाहतो की, या एका वाक्याने बारा-पंधरा वर्षांच्या मुलाचे पाय जागीच थिजतात.

या वाक्याला पन्नास वर्षांपूर्वी एका सिनेमाने उत्तर दिले होते. सिनेमाचा विषय आमच्या अनेक घरांत जपूनच काढला जातो, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही 'गर्म हवा'विषयी लिहायचे आम्ही ठरवले, कारण तो आपल्यासारख्याच एका घराविषयी आहे. आणि त्यात काम केलेल्या माणसांचे पुढे काय झाले, ही गोष्ट सिनेमाइतकीच ऐकण्यासारखी आहे. करिअर म्हणजे काय, याचे सात-आठ वेगवेगळे धडे त्या एका हवेलीत एकत्र राहत होते.

कथा थोडक्यात

फाळणीनंतरचे आग्रा शहर. सलीम मिर्झा यांचा चपला-बुटांचा कारखाना आहे, वडिलोपार्जित हवेली आहे, भरले घर आहे. एकेक करून नातेवाईक पाकिस्तानात निघून जातात. आपण हिंदुस्थान सोडणार नाही असे भाषणांतून सांगणारे थोरले भाऊ हलीमही जातात. हवेली कागदोपत्री त्यांच्या नावावर असल्याने ती निर्वासितांची मालमत्ता ठरते आणि सिंधमधून आलेल्या एका व्यापाऱ्याकडे जाते. मिर्झा कुटुंब भाड्याच्या छोट्या घरात येते. हा उद्या निघून गेला तर, या शंकेने बँका कर्ज देत नाहीत. थोरला मुलगाही कंटाळून बायको-मुलासह सीमेपलीकडे जातो. मुलगी आमना हिचे लग्न दोनदा ठरता ठरता मोडते, कारण दोन्ही वेळा मुलगा पलीकडचा होऊन बसतो. शेवटी ती जीव देते. धाकटा सिकंदर पदवीधर आहे. तो मुलाखतीमागून मुलाखती देतो आणि हात हलवत परत येतो. भावाला हवेलीचा नकाशा पाठवला म्हणून सलीम मिर्झांवर हेरगिरीचा आळ येतो. कोर्ट त्यांना निर्दोष सोडते, पण मोहल्ल्याच्या नजरा बदललेल्याच राहतात. अखेर तेही टांगा बोलावतात आणि स्टेशनची वाट धरतात.

ही कथा इस्मत चुगताई यांच्या अप्रकाशित लेखनावर बेतलेली. पटकथा शमा झैदी आणि कैफी आझमी यांची, संवाद कैफींचे. मूळ गोष्टीतला नायक रेल्वेत स्टेशनमास्तर होता. कैफींनी कानपूरमध्ये चामड्याच्या धंद्यातल्या कामगारांची संघटना बांधली होती, त्या अनुभवातून त्यांनी त्याला चपलांचा कारखानदार केले. दिग्दर्शक एम. एस. सथ्यू मूळचे म्हैसूरचे, आणि हा त्यांचा पहिलाच मोठा हिंदी चित्रपट. सरकारच्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने अडीच लाख रुपये कर्ज दिले. बाकीचे मित्रांकडून उसने. कॅमेरा एका मित्राने दिलेला. शूटिंगच्या जागी आवाज टिपण्याचे यंत्र परवडले नाही, म्हणून सारे चित्रण मूक झाले आणि आवाज नंतर मुंबईत भरला गेला. आग्र्यात काहींचा विरोध होता. गर्दीला चकवायला युनिटमधली मंडळी फिल्म नसलेला दुसरा कॅमेरा घेऊन भलत्याच ठिकाणी खोटे शूटिंग मांडत, आणि खरे काम दुसरीकडे चाले.

चित्रपट तयार झाल्यावरही सेन्सॉरने तो बरेच महिने अडवून धरला. दंगे उसळतील अशी भीती होती. 1974 मध्ये तो देशभर लागला, आणि दंगा कुठेही झाला नाही. उलट राष्ट्रीय एकात्मतेवरील सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्याच वर्षी तो कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता आणि ऑस्करसाठी भारताने त्यालाच पाठवले.

या चित्रपटात काम करून कोणी श्रीमंत होणार नव्हते. बहुतेक कलाकार 'इप्टा' या नाट्यसंस्थेचे. गिरण्यांच्या फाटकांवर, चाळींच्या पटांगणांत पदरमोड करून नाटके करणारी ही मंडळी.

सलीम मिर्झा : बलराज साहनी

बलराज साहनी यांचा जन्म 1 मे 1913 चा, रावळपिंडीचा. लाहोरला इंग्रजी साहित्यात एम.ए. केले. घरचा व्यापार होता, त्यात बसले असते तर आयुष्य आरामात गेले असते. ते शांतिनिकेतनात शिकवायला गेले. तेथून 1938 मध्ये आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आले, गांधीजींच्या नई तालीमच्या कामात राहिले. मग लंडनला बीबीसीवर निवेदक झाले आणि 1943 मध्ये परत येऊन इप्टात दाखल झाले. शिक्षक, संपादक, निवेदक अशी पायरी-पायरीने वाट तुडवून ते नट झाले. 'हलचल'च्या वेळी तर राजकीय कामामुळे ते अटकेत होते आणि तुरुंगातून शूटिंगला येत-जात होते.

1953 च्या 'दो बिघा जमीन'मध्ये त्यांनी रिक्षा ओढणारा शेतकरी उभा केला. इंग्रजीचा हा एम.ए. त्यासाठी जोगेश्वरीच्या तबेल्यांत उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या गवळ्यांत जाऊन बसे. ते कसे चालतात, कसे बसतात, मुंडासे कसे बांधतात हे पाहत राही. कोलकात्याला ते खरोखर रिक्षा ओढायला शिकले. तिथे एका रिक्षावाल्याने त्यांना सांगितले की त्याचीही जमीन अशीच सावकाराकडे अडकून पडली आहे. त्या दिवसापासून अभिनयाचे पुस्तकी नियम बाजूला ठेवले आणि तो माणूसच आपल्यात घेतला, असे साहनींनी पुढे लिहून ठेवले आहे. 'काबुलीवाला'तला पठाण आणि 'वक्त'मधला लाला याच मातीतून आले. 1969 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ज्याचे स्वतःचे रावळपिंडी फाळणीत सुटले, त्या माणसाने 'गर्म हवा'त आग्रा न सोडणाऱ्या मुसलमानाची भूमिका केली. हा योगायोग किरकोळ नाही. सलीम मिर्झांचा संयम, हातातली काठी, अचकनीची बटणे लावतानाचा तो संथपणा, अल्लाहवरचा गाजावाजा नसलेला विश्वास, हे सगळे इतके आतले वाटते की आपल्या ओळखीतले एखादे बुजुर्गच पडद्यावर वावरत आहेत असे वाटावे. चित्रपटाच्या थोडे आधी साहनींची मुलगी शबनम हे जग सोडून गेली होती. आमनाच्या मृत्यूच्या प्रसंगात ते एक शब्द बोलत नाहीत, रडतही नाहीत. ते का, हे त्यांच्या घरची हकीकत ठाऊक असलेल्याला सांगावे लागत नाही.

मुंबईत त्यांनी आपल्या संवादांचे ध्वनिमुद्रण संपवले. माणूस एकट्याने किती काळ जगणार, अशा अर्थाचे वाक्य त्यांनी शेवटी म्हटले. दुसऱ्या दिवशी, 13 एप्रिल 1973 रोजी, त्यांचे हृदयविकाराने निधन झाले. त्यांचे सर्वांत मोठे मानले गेलेले काम त्यांनी पूर्ण झालेले पाहिलेच नाही.

अजमानी शेठ : ए. के. हंगल

हवेली ताब्यात घेणारा सिंधी व्यापारी हा दुसऱ्या एखाद्या चित्रपटात खलनायक झाला असता. इथे तो भला माणूस आहे, कारण तोही घर गमावूनच आलेला आहे. ही भूमिका केली अवतार किशन हंगल यांनी. जन्म सियालकोटचा, बालपण पेशावरचे, व्यवसाय शिंप्याचा. कपडे बेतता बेतता स्वातंत्र्याच्या आणि कामगारांच्या चळवळीत पडले, कराचीच्या तुरुंगात दोन वर्षे राहिले आणि 1949 मध्ये मुंबईत आले. म्हणजे अजमानींना जे उखडणे माहीत होते, ते हंगलांनाही माहीत होते.

चित्रपटांत ते आले 1966 च्या 'तीसरी कसम'पासून, तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. ज्या वयात लोक निवृत्तीचा हिशेब मांडतात त्या वयात त्यांनी सुरुवात केली, आणि मग दोनशेहून अधिक चित्रपट केले. 'शोले'तले दृष्टी गेलेले इमामसाहेब घराघरांत पोचले. 2006 मध्ये पद्मभूषण मिळाले.

मधे एक कठीण काळही आला. 1993 मध्ये आपले जन्मगाव पुन्हा पाहावे म्हणून ते व्हिसाच्या खटपटीत होते. त्या निमित्ताने पाकिस्तानी वकिलातीच्या एका समारंभाला हजर राहिले, आणि एका राजकीय पक्षाने त्यांच्यावर बहिष्काराची हाक दिली. काही काळ कामे बंद झाली. ज्यांनी स्वातंत्र्याच्या चळवळीत भाग घेतला त्यांच्या देशप्रेमावर म्हातारपणी शंका घेतली गेली. सलीम मिर्झांवरचा नकाशाचा आळ आठवावा असाच हा प्रसंग. हंगल कडवट झाले नाहीत. ते काम करत राहिले, 'लगान'मध्येही दिसले. 26 ऑगस्ट 2012 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अखेरची वर्षे तंगीची होती, औषधपाण्यालाही अडचण होती. कलेच्या क्षेत्राकडे वळणाऱ्या मुलांना ही बाजूही सांगायला हवी, ती लपवून चालणार नाही.

घरची मालकीण : शौकत कैफी

सलीम मिर्झांच्या पत्नी जमीला झाल्या शौकत कैफी, म्हणजे संवाद लिहिणाऱ्या कैफी आझमींच्या बेगम आणि शबाना आझमींच्या अम्मी. हैदराबादच्या खात्यापित्या घरातली ही मुलगी. मुशायऱ्यात शेर ऐकून एका फकीर वृत्तीच्या शायरावर तिचे मन बसले. 1947 मध्ये मुंबईत निकाह झाला आणि संसार थाटला तो पक्षाच्या कम्यूनमधल्या एका खोलीत. पैशांची ओढाताण नेहमीचीच. घरी बसून चालणार नव्हते, म्हणून त्या इप्टात आणि पृथ्वी थिएटरमध्ये काम करू लागल्या. शबाना तान्ही असताना तिला सोबत घेऊन तालमींना जात.

आमच्या भगिनींना आम्ही हे मुद्दाम सांगतो आहोत. शौकतआपांचे करिअर कुठल्याही मोठ्या जाहिरातीने सुरू झाले नाही. ते घरखर्चाच्या गरजेतून सुरू झाले, आणि घर सांभाळून चालले. म्हणूनच 'गर्म हवा'तली जमीला खरी वाटते. नवऱ्याच्या सबुरीने वैतागलेली, मुलीच्या लग्नाच्या काळजीने झोप उडालेली, परिस्थितीपुढे बोलून बोलून थकलेली आई त्यांनी आजूबाजूला पाहिली होती. पुढे 'उमराव जान'मधल्या खानम, 'बाजार', 'सलाम बॉम्बे' या भूमिका त्यांनी केल्या. आठवणी लिहिल्या, त्या 'याद की रहगुजर' या नावाने उर्दूत प्रसिद्ध झाल्या. नोव्हेंबर 2019 मध्ये त्या अल्लाहला प्यारे झाल्या.

सिकंदर : फारूख शेख

आता येतो तो मुलगा, ज्याला नोकरी मिळत नाही.

फारूख शेख यांचा जन्म 25 मार्च 1948 चा, गुजरातमधल्या जमीनदार कुटुंबातला. वडील मुंबईत वकील. शिक्षण सेंट मेरीज शाळा, सेंट झेवियर्स कॉलेज आणि मग सिद्धार्थ लॉ कॉलेज. वडिलांचा काळा कोट पुढे चालवायचा, एवढे ठरलेलेच होते. इप्टाच्या नाटकांत कामे करत होते, तिथून 'गर्म हवा'साठी विचारणा झाली. मोबदला मिळाला साडेसातशे रुपये. त्या साडेसातशे रुपयांच्या कामाने वकिलाची वाट बदलली.

फारूख हे देखणे होते, पण पडद्यावर ते कधी नायकासारखे वागले नाहीत. शेजारच्या घरातला मुलगा वाटावा असेच राहिले. सत्यजित राय यांचा 'शतरंज के खिलाडी' 1977 मध्ये केला. 1978 च्या 'गमन'मध्ये ते उत्तर प्रदेशातले गाव सोडून मुंबईत टॅक्सी चालवणारे गुलाम हसन झाले. पत्नीच्या भूमिकेत स्मिता पाटील. गावी जायला पैसे जमत नाहीत आणि पैसे जमवायला मुंबई सोडवत नाही, हे दुखणे आपल्या मुंबईकर वाचकांपैकी अनेकांच्या घरातले आहे. सई परांजपे यांनी त्यांना 'चश्मेबद्दूर'मध्ये सरळमार्गी प्रेमिक केले आणि लगेच 1983 च्या 'कथा'मध्ये चाळीतल्यांना गंडवणारा लबाड बाशूही केले. 'कथा' मूळ आपल्या मराठीतल्याच नाटकावर आधारलेला, स. गो. साठे यांच्या 'ससा आणि कासव'वर. 'उमराव जान', 'बाजार', 'साथ साथ' याच काळातले.

पुढे चित्रपट कमी झाले तेव्हा ते खंतावले नाहीत. दूरदर्शनवर 'श्रीकांत' केले, नंतर 'जी मंत्रीजी' केले. 1992 मध्ये फिरोज अब्बास खान यांचे 'तुम्हारी अमृता' आले. रंगमंचावर दोन खुर्च्या, दोन माणसे, हातात पत्रे. शबाना आझमींसोबत हे नाटक त्यांनी दोन दशके केले. 'लाहोर' या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा 'गर्म हवा'ला साडेतीन दशके उलटली होती.

14 डिसेंबर 2013 रोजी 'तुम्हारी अमृता'चा प्रयोग आग्र्यात ताजमहालच्या साक्षीने झाला. ज्या शहरात सिकंदर मिर्झा म्हणून ते पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, त्याच शहरात त्यांचा हा शेवटचा प्रयोग ठरला. दोन आठवड्यांत दुबईत हृदयविकाराचा झटका येऊन ते गेले. त्या प्रयोगात सोबत होत्या शबाना, म्हणजे पहिल्या चित्रपटात ज्यांनी त्यांच्या आईची भूमिका केली त्यांची मुलगी.

मृत्यूनंतर वर्तमानपत्रांतून एक गोष्ट बाहेर आली. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यात ताज हॉटेलचा एक कर्मचारी मारला गेला होता. त्याच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च फारूख अनेक वर्षे गुपचूप करत होते. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण आपण मुलांना तोंडाने देतो. त्यांनी ती आचरली.

आमना, शमशाद आणि फखरुद्दीन

आमनाची भूमिका केलेल्या गीता सिद्धार्थ यांचा चेहरा विसरता येत नाही. इतकी मोठी भूमिका केल्यावर त्या नायिका म्हणून झळकतील असे वाटले होते. तसे झाले नाही. 'शोले'त ठाकूरच्या घरातली सून, 'त्रिशूल', 'गमन', 'डिस्को डान्सर' अशा छोट्या-मोठ्या भूमिका त्या करत राहिल्या. पुढे दूरदर्शनवरील 'सुरभि' या गाजलेल्या कार्यक्रमात पती सिद्धार्थ काक यांच्यासोबत त्यांनी पडद्यामागे काम केले. देशभरातल्या कारागिरांची, लोककलांची ओळख ज्या कार्यक्रमाने आपल्या घरात आणली त्यात त्यांचा हात होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. 2019 च्या डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले.

आमनाला फसवून जाणारा शमशाद म्हणजे जलाल आगा. पुण्यात जन्मलेले जुने विनोदी नट आगा, त्यांचे हे चिरंजीव. 'मुघल-ए-आझम'मधला छोटा सलीम हेच. पुढे त्यांच्या वाट्याला मित्राच्या आणि गाण्यातल्या भूमिका जास्त आल्या. 'गमन'मध्ये गावच्या गुलाम हसनला मुंबईला बोलावणारा लल्लूलाल तिवारी त्यांनीच केला. पन्नाशीही न गाठता 1995 मध्ये ते गेले.

आणि वारे फिरेल तशी टोपी फिरवणारे पुढारी फखरुद्दीन झाले यूनुस परवेझ. शेकडो चित्रपटांत लहान भूमिका करून त्यांनी आयुष्यभर रोजीरोटी कमावली. 1975 च्या 'दीवार'मध्ये गोदीतला जो म्हातारा हमाल नायकाला 786 या बिल्ल्याचा अर्थ सांगतो, ते रहीम चाचा म्हणजे हेच. त्याच वर्षी 'शोले'त रहीम चाचा झाले हंगल. एकाच हवेलीत वावरलेल्या दोन नटांनी त्या वर्षीच्या दोन सर्वांत गाजलेल्या चित्रपटांत एकाच नावाचे दोन बुजुर्ग उभे केले, ही गंमत आमच्या लक्षात राहिली आहे.

दादी : बदर बेगम

सर्वांत शेवटी दादी, कारण त्यांची गोष्ट सर्वांत लहान आणि सर्वांत खोल आहे.

हवेली सोडायला तयार नसलेली, लाकडाफाट्याच्या कोठडीत लपून बसणारी आणि मरताना पालखीतून पुन्हा त्याच उंबऱ्यावर आणली जाणारी ही म्हातारी. ही भूमिका आधी बेगम अख्तर यांना विचारली होती, त्यांनी नकार दिला. मग आग्र्याच्या पीपल मंडीतील ज्या हवेलीत शूटिंग चालू होते, तिच्या मालकांच्या मदतीने बदर बेगम सापडल्या. वय सत्तरीच्या पुढे, मोतीबिंदूमुळे दिसत जवळजवळ नाही.

दिग्दर्शकांनी पुढे मुलाखतींत सांगितले की, सोळाव्या वर्षी ही मुलगी नटी होण्यासाठी घरातून पळून मुंबईला आली होती. पैसे संपले. गर्दीतले किरकोळ काम मिळाले, त्याच्या मजुरीत परतीचे तिकीट निघाले. नंतरचे सारे आयुष्य समाजाने तोंड फिरवलेल्या वस्तीत गेले. सुमारे पंचावन्न वर्षांनी सिनेमाच तिच्या दारात चालत आला. आवाज मात्र दीना पाठक यांचा वापरला गेला. एक भूमिका, तीही उसन्या आवाजात. याला करिअर म्हणायचे का? आम्ही म्हणतो, हो. 'गर्म हवा' पाहिलेला माणूस दादीला विसरत नाही. पालखीतून उतरताना त्या चेहऱ्यावर जे उमटले आहे, ते कुठल्याही अभिनयाच्या शाळेत शिकवता आले नसते.

मुलांना काय सांगावे?

या सगळ्या वाटा एकत्र ठेवून पाहिल्या की काही गोष्टी दिसतात. कोणी पन्नाशीत सुरुवात केली, कोणी विशीत. कोणाचा पहिला पगार साडेसातशे रुपये, कोणाला एकच संधी आणि तीही सत्तरीनंतर. पुरस्कार मिळालेले आहेत, तंगीत गेलेले आहेत, पडद्यामागे राहून समाधानी असलेलेही आहेत. एका मापाने मोजायला गेलो तर यातले दोन-तीनच यशस्वी ठरतील. पण त्यांचे हातचे काम कोणी थांबवू शकले नाही. दार बंद झाले तेव्हा त्यांनी दुसरे ठोठावले. चित्रपट नाही तर दूरदर्शन, दूरदर्शन नाही तर दोन खुर्च्यांचे नाटक.

आणि ते एकटे नव्हते. 'गमन'मध्ये फारूख, गीता आणि जलाल पुन्हा भेटले. 'शोले'त हंगल, गीता आणि जलाल. 'उमराव जान'मध्ये शौकतआपा, फारूख आणि दादीचा आवाज झालेल्या दीना पाठक. आपले माणूस पुढे गेले की मागच्याला हात द्यायचा, ही त्यांची रीत होती. आमच्या समाजात शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, कोणत्या परीक्षेला कधी बसायचे, हे शेजारच्या घरातल्या शिकलेल्या मुलाने सांगितले तर किती घरांचे भले होईल!

नोकरी कोण देतो, या प्रश्नालाही चित्रपट खोटा धीर देत नाही. सिकंदरला शेवटपर्यंत नोकरी मिळत नाही. अन्याय आहे हे तो मान्य करतो, सलीम मिर्झाही मान्य करतात. प्रश्न एवढाच उरतो की, त्यावर करायचे काय? निघून जायचे, घरात कुढत बसायचे की आपल्यासारख्याच इतर बेरोजगारांबरोबर, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, उभे राहून हक्क मागायचा?

हा चित्रपट दुरुस्त करून 2014 मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला होता. एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरातल्या नाना-नानींना, अब्बा-अम्मींना आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलांना एकत्र बसवून तो जरूर पाहा. आमनाचे प्रसंग लहान मुलांना सोसणार नाहीत, त्यांना यावेळी वगळा. म्हाताऱ्यांना त्यांच्या आठवणी सांगू द्या, मुलांना प्रश्न विचारू द्या. शेवटच्या प्रसंगात स्टेशनकडे निघालेला टांगा मोर्च्यापाशी अडतो. सिकंदर उतरून गर्दीत शिरतो. थोड्या वेळाने सलीम मिर्झा टांगा बायकोसह घराकडे परत पाठवतात आणि लेकाच्या मागोमाग चालू लागतात. बापाने मुलाच्या मागे चालण्याचा हा प्रसंग पाहताना आपल्या घरातल्या सिकंदरकडेही एकदा नजर टाका.